केसाचं मूळ आणि टोक : पार्लर आणि सूत-लॅबच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२५

काम ठरलं. वहिनींच्या पार्लरमध्ये येणाऱ्या बाईच्या केसांचं नुकसान किती आणि कुठल्या जातीचं, ते ट्रीटमेंट सुचवायच्या आधी मोजायचं. सध्या काय होतं? बाई खुर्चीत बसते, 'केसांची पार वाट लागलीय बघा' म्हणते, वहिनी दोन बोटांत बट धरून खाली ओढतात आणि स्पा, प्रोटीन, केराटिन, बोटॉक्स यांतलं एक नाव सांगतात. वहिनींचा हात सराईत आहे, अंदाज बहुतेक वेळा बरोबरच येतो. पण दोघींचे केस हाताला सारखेच राठ लागतात, एकीला साध्या स्पानं फरक पडतो आणि दुसरीनं हजारो रुपये मोजूनही पंधरा दिवसांत मूळ पदावर. हे असं का, ते हाताला कळत नाही.

मी इचलकरंजीत सूत तपासायच्या लॅबमध्ये. काउंट (सुताची बारीकी; आकडा मोठा तितकं सूत बारीक), ताकद, लांबण, पीळ, ओलावा हे रोजचंच. केस हाही तंतू आहे, आणि लोकर ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची त्याच प्रथिनाचा. लोकरीवर शंभर वर्षं मोजमापं झालेली आहेत, त्यातली निम्मी तरी इथं चालावीत. लॅबच्या मालकांना विचारलं. सहानंतर मशीन वापरा, जॉ (सूत धरणारे मशीनचे चिमटे) पुसून ठेवा, म्हणाले.

वहिनींचं पहिलं वाक्य: "वन्सं, तुमच्या मशिनीनं माझं गिऱ्हाईक पळालं तर?" बघूया.

६ जून

आधी मोजायचं कशाशी ताडून, ते ठरवणं. 'निरोगी केस' असा एक नमुना घेऊन सगळ्यांना त्याच्याशी ताडलं तर गोंधळ होणार. कुणाचा केस मुळातच ५५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कुणाचा ९० चा. बारीक केस कमी वजनाला तुटतो म्हणून तो खराब म्हणायचा का? सुतात आपण असं कधीच करत नाही. ४० काउंटची ताकद २० काउंटशी कोण लावतं?

उत्तर केसातच आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं आणि मुळाजवळचा भाग गेल्या महिन्यातला. तेच डोकं, तेच रक्त, तीच जाडी. फरक फक्त मधल्या वर्षांत जे सोसलं त्याचा. म्हणून प्रत्येक बाईचं माप तिच्याच मुळाशी लावायचं. मूळ शंभर धरायचं, मधला भाग किती, टोक किती. बाहेरचा नमुना नको.

याचा दुसरा फायदा असा की नुकसान कुठून सुरू झालं ते अंतरावरून सापडतं. मुळापासून १४ सेंटिमीटरवर आकडा अचानक पडला तर सव्वा वर्षापूर्वी काय केलं होतं, ते विचारायचं.

९ जून

नमुना कसा घ्यायचा? बाईचे केस कापून मागितले तर कोण देणार. वहिनींनीच सुचवलं: गुंतवळ. विंचरताना निघालेले केस घरूनच कागदात घालून आणायला सांगायचं. वहिनींच्या आजी गुंतवळ कोनाड्यात साठवायच्या आणि केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की तिला द्यायच्या. आता ती लॅबला येणार.

आणि गुंतवळीतून पहिला निकाल मशिनीशिवायच मिळतो. केसाच्या एका टोकाला पांढरट बारीक गाठ असेल तर तो मुळातून सुटलेला, म्हणजे गळलेला. गाठ नाही, आखूड तुकडा आहे, टोक फाटलंय, तर तो मधेच तुटलेला. 'केस गळतात' म्हणून येणाऱ्या बायकांत या दोन्ही असतात आणि दोघींना एकच बाटली लावून काही उपयोग नाही. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण धरतात. पण तुटके तुकडे निघायला लागले तर संख्या कितीही असो, केसाचं काहीतरी बिनसलंय.

गाठवाल्या केसाचं मूळ कुठलं ते दिसतंच. गाठ तुटलेली असेल तर एक जुनी खूण आहे: केस अंगठा आणि तर्जनीमध्ये उभा धरून बोटं पुढंमागं चोळायची. केस आपोआप एका बाजूला सरकत जातो, ती बाजू मुळाची. केसावरचे खवले टोकाकडे तोंड करून असतात, त्यामुळे एका दिशेला घर्षण कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त. लोकरीचं स्वेटर गरम पाण्यात घोळलं की आटतं, तेही याच खवल्यांमुळे.

आज संध्याकाळी चोळून बघत बसले. एका कॉलेजच्या मुलीच्या केसाचा मुळाकडचा अर्धा भाग बोटांतून झरझर सरकला. तोच केस उलटा न करता टोकाकडचा भाग धरला तर जागचा हलेना. खवले तिथं उरलेलेच नसावेत. ही चाचणी फुकटातली आहे, यादीत घेतली.

१३ जून

पाण्याच्या पेल्यात केस टाकायची चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. तरंगला तर चांगला, बुडाला तर खराब. वहिनीही करायच्या. आज रद्द केली. केसाची घनता १.३ च्या वर, म्हणजे पाण्यापेक्षा जड. तो तरंगतो ते पृष्ठताणावर. थोडं तेल, थोडा कंडिशनर, पेल्याच्या पाण्यात उरलेला साबण, टाकताना बोटानं दाबलं का, यातल्या कशानंही निकाल फिरतो. एकाच डोक्याचे केस एकाच पेल्यात काही वर, काही खाली.

त्याऐवजी थेंब. स्वच्छ धुऊन वाळवलेली बट काचेवर पसरून ताणायची आणि ड्रॉपरनं एक थेंब मुळाकडे, एक टोकाकडे ठेवायचा. निकोप केसाच्या वरच्या थराला जन्मजात तेलकट पापुद्रा असतो, १८-मिथाइल-आयकोसॅनॉइक आम्लाचा. तो प्रथिनाला रासायनिक बंधानं चिकटलेला असतो, त्यामुळे शॅम्पूनं जात नाही. ब्लीचनं आणि तीव्र अल्कलीनं जातो. तो गेला की केस पाणी झटकण्याऐवजी ओढून घेतो. मुळावरचा थेंब मण्यासारखा उभा राहतो, टोकावरचा बघता बघता पसरतो. वहिनींना हे फार आवडलं, कारण गिऱ्हाइकालाही डोळ्यांनी दिसतं.

अट: आधी कंडिशनर नसलेल्या साध्या शॅम्पूनं दोनदा धुवायचं. सिलिकॉनचा लेप असला तर थेंब खोटं बोलतो.

२० जून

मशीन. आमचं सूत ५० सेंटिमीटर अंतरात धरून तोडायचं, केसाला ते अंतर कामाचं नाही. कागदाची चौकट कापली, मधे २० मिलिमीटरची खिडकी, केस दोन्ही कडांना फेविक्विकनं चिकटवला, चौकट जॉमध्ये धरून कागदाच्या बाजू कात्रीनं कापल्या. एकेरी तंतूसाठी अशीच रीत आहे. जॉमध्ये थेट धरला तर केस सुळकन निसटतो नाहीतर जॉपाशीच तुटतो.

जाडी सूक्ष्मदर्शकाखाली. केस गोल नसतो, लंबगोल असतो, म्हणून फिरवून दोन मापं. शिवाय कापून वजन करायचं. ७० मायक्रॉनचा केस साधारण ४५ डेनिअर (नऊ हजार मीटर तंतूचं ग्रॅममधलं वजन) पडतो. डेनिअर हाताशी असला की बारीक-जाड केसांची ताकद सारख्या मापात आणता येते.

हवा फार महत्त्वाची. आपल्याकडे कापड तपासायला २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता प्रमाण धरतात. बाहेर पाऊस लागलाय. केस ६५ टक्क्यांना कापसाच्या जवळपास दुप्पट ओलावा धरतो, त्यामुळे खोलीची हवा हलली की आकडा हलतो. नमुने रात्रभर कंडिशनिंग खोलीत. साडेसातला लाइट गेली, खोली ७८ टक्क्यांवर गेली. आजचे आकडे खोडले.

२४ जून

कोरड्या केसांचे निकाल बघून वहिनी जवळजवळ हसल्या. दोनदा ब्लीच केलेल्या मुलीचा केस: मूळ ७६ ग्रॅमला तुटला, टोक ७१ ला. एवढंच? हाताला तर टोक वाळल्या गवतासारखं लागतं.

मग ओल्यात केलं. चौकटीसकट केस तासभर पाण्यात, मग ओलाच मशीनवर. इथं चित्र उघडं पडलं. केसाचा ताणाचा आलेख तीन टप्प्यांचा असतो. पहिले दोनेक टक्के ताठ, मग जवळजवळ सपाट मैदान, साधारण ३० टक्क्यांनंतर पुन्हा चढ आणि शेवटी तुटणं. मुळाला ओल्यात २० टक्के ताणायला १८ ग्रॅम लागले. टोकाला ११.

कारण समजण्यासारखं आहे. केसाला ताकद देणारे बंध मुख्यतः दोन तऱ्हेचे, हायड्रोजनचे आणि गंधकाचे. कोरड्यात हायड्रोजनचे बंध भार उचलतात, त्यामुळे आतलं नुकसान झाकलं जातं. पाण्यात ते सुटतात, उरतात गंधकाचे. ब्लीचनं तेच तोडलेले असतात, त्यांचं सिस्टेइक आम्ल झालेलं असतं आणि तो बंध परत जुळत नाही. म्हणजे केस धुताना आणि ओले विंचरताना सर्वांत दुबळे असतात, आणि आपल्या बायका नेमक्या तेव्हाच आंबाड्याची गाठ फणीनं ओढतात.

यापुढे ताकद फक्त ओल्यातच मोजायची.

१ जुलै

लोकरवाल्यांची एक जुनी युक्ती उपयोगाला आली. पाण्यात केस ३० टक्क्यांच्या आत ताणला आणि सोडून रात्रभर पाण्यात ठेवला तर तो पूर्ववत होतो, दुसऱ्या दिवशी ताणायला तेवढंच बळ लागतं. म्हणजे केस न तोडता मोजता येतो. मग त्याच केसाला ट्रीटमेंट द्यायची आणि पुन्हा ताणायचा. दुसऱ्या मापाला पहिल्यानं भागलं की झाला निर्देशांक. १ आला तर काही बदललं नाही. १ च्या खाली आला तर ट्रीटमेंटनंच केस मोडला. जाडी, जात, वय सगळं भागाकारात उडून जातं, कारण केस तोच.

प्रकल्पातलं सगळ्यात कामाचं हत्यार हेच. आम्ही २० टक्क्यांवर थांबणार.

११ जुलै

बाटल्यांची परीक्षा. वहिनींच्या फळीवरचं एकेक, कापून दिलेल्या वेण्यांमधल्या केसांवर.

ब्लीच पावडर आणि २० व्हॉल्यूम डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड: निर्देशांक एकदा लावल्यावरच ०.८ च्या खाली. अपेक्षितच. रीबॉन्डिंगचं क्रीम: त्याहून वाईट. गंधकाचे बंध आधी तोडून मग नव्या जागी जोडायचे हाच त्याचा धंदा, आणि सगळे काही परत जोडले जात नाहीत.

प्रोटीन स्पा: १. अगदी जैसे थे. हायड्रोलाइझ्ड केराटिनचे तुकडे केसावर बसतात, थोडे आतही जातात, पण तुटलेला बंध काही बांधत नाहीत. कंडिशनर: १. बोटॉक्स नावाची क्रीम: १. (त्यात बोटॉक्स नसतं हे वहिनींना माहीत होतं, गिऱ्हाइकाला नसतं.) 'बॉण्ड' बांधणारी महागडी बाटली: एक-दोन केसांत किंचित वर, पण आमच्या मशीनचा फरकच तेवढा आहे, म्हणून त्यावर काही म्हणणार नाही.

वहिनी गंभीर झाल्या. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं पाणीच विकलं की काय?"

नाही. कारण ही परीक्षा फक्त आतल्या भागाची. बाहेरचं अजून मोजलंच नाही.

१५ जुलै

बाहेरचं मोजायला फणीचा ओढा. लाकडी ठोकळ्यात फणी उभी ठोकली, ठोकळा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला, वर दोन किलोचं वजन. ओली बट फणीच्या दातांतून वर ओढायची, काटा जितका कमी दाखवील तितका ओढा. मोबाइलवर चित्रण करून सर्वांत कमी आकडा टिपायचा. बटेचं वजन, लांबी, ओढायचा वेग सारखा ठेवला की आकडे बऱ्यापैकी जुळतात.

इथं स्पा आणि कंडिशनर दोघांनी बाजी मारली. ब्लीच केलेल्या बटेचा ओढा कंडिशनरनं निम्म्याच्या खाली आला. ब्लीचनं केसावर ऋण भार वाढतो, कंडिशनरमधले धन भाराचे रेणू तिथंच जाऊन चिकटतात. जिथं जास्त जखम तिथं जास्त लेप, आपोआप. अमोडायमेथिकोन नावाचं सिलिकॉनही तसंच वागतं. ओढा कमी म्हणजे ओले विंचरताना तुटणं कमी. आतला केस दुरुस्त न होताही तो जास्त दिवस टिकतो. याला पाणी विकणं म्हणत नाहीत.

पण दोनशे रुपयांचा कंडिशनर आणि पार्लरमधला स्पा यांच्या ओढ्यात नाव घेण्यासारखा फरक नाही. हे लिहून ठेवलं, वहिनींनी वाचलं, काही बोलल्या नाहीत. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मालिशचे पैसे वेगळे घेईन की."

१९ जुलै

खोबरेल. वहिनी म्हणाल्या, तेल लावून मोजा. लावलं. निर्देशांक १. दुरुस्ती नाही. पण तेलाचं काम वेगळं: धुण्याआधी लावलं तर केस पाण्यात कमी फुगतो. निकोप केसाची जाडी पाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास वाढते, वाळला की पुन्हा आत. दर धुण्याला हे फुगणं-आटणं, आणि त्यात खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. २००३ साली मुंबईच्या मॅरिकोमधल्या रेळे आणि मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल तिन्ही ताडून बघितली होती. केसातून वाहून जाणारं प्रथिन कमी करण्यात एकटं खोबरेल चाललं. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे लक्षात ठेवून वाचायचं, पण कारण पटतं: त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून आत शिरतो. खनिज तेल वरच राहतं.

आजीचं म्हणणं बरोबर होतं एवढंच. धुऊन झाल्यावर चोपडण्यापेक्षा आदल्या रात्री लावणं.

२९ जुलै

मिथिलीन ब्लू. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तेच. हा धन भाराचा निळा रंग, ब्लीचनं तयार झालेल्या ऋण जागांवर बसतो. जितकं नुकसान तितका निळा. पुस्तकात सोपं. आमच्याकडच्या काळ्या केसावर निळा रंग दिसणार कुठं? पिकलेल्या केसांवर झकास दिसला, टोकाकडे गडद होत जाणारा. काळ्यावर काही नाही.

मग उलटं केलं. केसाकडे बघायचंच नाही, उरलेल्या पाण्याकडे बघायचं. सारख्या वजनाचे तुकडे सारख्या द्रावणात ठेवून, ठरावीक वेळानं पाणी कलरीमीटरमध्ये (रंगाची गडदी मोजणारं यंत्र). डाय-हाउसवाले कापडानं किती रंग ओढला ते असंच काढतात. टोकाच्या नळीतलं पाणी मुळाच्या नळीपेक्षा स्पष्ट फिकं. लॅबमध्ये ठीक आहे, पार्लरमध्ये होणार नाही. वहिनींच्या पांढऱ्या टॉवेलवर डाग पडल्यावर हा विषय आपोआप मिटला.

८ ऑगस्ट

पहिली खरी गिऱ्हाईक. निवृत्त शिक्षिका, 'केस जायला लागलेत, प्रोटीन करा'. गुंतवळ मोठी आणली होती. सगळे केस पूर्ण लांबीचे, जवळजवळ प्रत्येकाला पांढरी गाठ. तुकडे नाहीत. थेंब टोकापर्यंत उभा. ओल्यात मूळ १७, टोक १६. या वयात इतका धडधाकट केस मी बघितला नव्हता.

वहिनींनी विचारलं, मधे काही आजारपण? मे महिन्यात डेंग्यू. ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे एकदम गळतात. केस चांगला आहे, डोकं आजारातून उठतंय. काही लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, असं सांगून पाठवलं. बाई चहा पिऊन गेल्या, पैसे शून्य.

१४ ऑगस्ट

गावाबाहेरच्या नव्या अपार्टमेंटमधली एक. वर्षभरात केस राठ, निर्जीव, शॅम्पूला फेस येत नाही. कधी रंग नाही, ब्लीच नाही, प्रेसिंग मशीन नाही. ओल्यात मूळ-टोक फरक थोडाच. पण फणीचा ओढा भयंकर.

फेस येत नाही म्हटल्यावर पाण्याची बाटली मागवली. बोअरचं. ५० मिली पाणी, इरिओक्रोम ब्लॅक टी (निकाल रंगानं दाखवणारं द्रव्य), वरून ईडीटीए (पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन). वाइन रंगाचं निळं व्हायला ३२ मिली लागलं, म्हणजे लिटरला ६४० मिलिग्रॅम काठिण्य. पिण्याच्या पाण्याच्या प्रमाणात २०० पर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. या पाण्यात इथला कुठलाही डाईंगवाला कापड बुडवणार नाही, आधी सॉफ्टनरमधून काढील. आणि ही रोज डोकं धुतेय.

ईडीटीए असलेल्या शॅम्पूनं दोनदा धुतलं, ओढा निम्म्यावर आला. ट्रीटमेंट: महिन्यातून दोनदा तो शॅम्पू, आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे. केराटिन करायला आली होती.

२१ ऑगस्ट

ती कॉलेजची मुलगी, दोनदा ब्लीचवाली. तिला आता स्मूदनिंग हवंय. टोकाचे ओले आकडे मुळाच्या ६० टक्के, थेंब लगेच आत, बोटांत केस सरकत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली टोकं झाडूसारखी फाटलेली. १० सेंटिमीटर ओला तुकडा फूटपट्टीवर १२ पर्यंत ताणून सोडला, तो साडेअकरावरच राहिला. मूळ तेवढंच ताणल्यावर परत दहावर.

वहिनींनी नाही म्हणून सांगितलं. फाटे फुटलेली टोकं कापावी लागतील, साताठ सेंटिमीटर. बाकीच्याला कंडिशनर, आदल्या रात्री तेल, प्रेसिंग मशीन बंद. ब्लीच केलेला भाग दुरुस्त होणार नाही, हळूहळू खाली जाईल आणि कापला जाईल. मुलीचा चेहरा पडला. आई खूश. वर्षभर लागेल, हे मात्र आईलाही आवडलं नाही.

११ सप्टेंबर

गौरी-गणपतीची गर्दी संपली, वही पुन्हा उघडली. गर्दीत वहिनींनी मशीनशिवायच काम चालवलं: गुंतवळ, बोटांत चोळणं, थेंब, फूटपट्टी. दहा मिनिटं. लॅबला फक्त अडलेल्या पाठवल्या. ज्यांचे पार्लरमधले निकाल स्पष्ट होते त्यांचे थोडे नमुने मी पडताळले, बहुतेक जुळले. बारीक केसांत फूटपट्टीचा निकाल डळमळतो, तिथं दोन-तीन केस ताणून बघायचे.

१९ सप्टेंबर

माल देणारा माणूस नवी बाटली ठेवून गेला. 'फॉर्मल्डिहाइड नाही' असं मोठ्या अक्षरात. मागे बारीक अक्षरात ग्लायॉक्झिलिक आम्ल. जुन्या केराटिन द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असायचं, प्रेस फिरवली की डोळे चुरचुरायचे. कर्करोगकारक म्हणून ते आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे. त्याच्या जागी हे आलं. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीची हकिकत आली होती: अशा क्रीमनंतर दर वेळी मूत्रपिंडाला इजा. संशय असा की आम्ल त्वचेतून आत जातं, शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं आणि स्फटिक मूत्रपिंडात अडकतात.

आमच्या मोजणीत या बाटलीनं ओढा झकास कमी केला. निर्देशांक मात्र १ च्या खालीच, कारण २३० अंशांची प्रेस सात-आठ वेळा फिरवायची. कोरड्या केसाचं केराटिन त्याच तापमानाच्या आसपास वितळायला लागतं. बाटली परत गेली. वहिनींचा निर्णय, मी आकडे तेवढे दिले.

६ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं, नवऱ्या मुली सुरू. एकीचं लग्न डिसेंबरात, तिला बर्गंडी रंग आणि सरळ केस. 'कधी काही केलं नाही, फक्त मेंदी.' कुठली? काळी, दहा मिनिटांत रंगणारी. नुसत्या मेंदीनं केस दहा मिनिटांत काळे होत नाहीत. अशा पुड्यांत पीपीडी (केस काळे करणारं रसायन) असतं, काहींत धातूंचे क्षार.

बट कापून काचेच्या भांड्यात, वीस भाग ६ टक्के पेरॉक्साइड, एक भाग अमोनिया. पाच मिनिटांत बुडबुडे, भांडं बाहेरून हाताला कोमट, केसाचा रंग हिरवट. म्हणजे धातूंचे क्षार होतेच; केसांच्या रंगातही पेरॉक्साइड असतं, त्यामुळे हाच प्रकार डोक्यावर झाला असता. मुलीसमोरच केलं, त्यामुळे समजावायला लागलं नाही. ओल्या ताकदीचे आकडे चांगले होते, तरी रंग आणि स्मूदनिंग दोन्ही नाही. लग्नाच्या दिवशी ब्लो-ड्राय आणि अंबाडा, गजरा भरपूर.

१५ नोव्हेंबर

वहिनींनी दरपत्रक बदललं. वर पहिलीच ओळ: 'केस तपासणी'. पैसे ट्रीटमेंट घेतली तर वजा होतात, नाही घेतली तरी द्यायचे. केराटिन खाली गेलं, मालिश वर आली. कमाई थोडी उतरली, पण तक्रार घेऊन परत येणाऱ्या जवळजवळ थांबल्या.

राहिलेली कामं: फूटपट्टीला दोन्ही बाजूंना चिमटे बसवून घेणे, सुताराला सांगितलंय. प्रत्येकीचं कार्ड, मूळ-मधला-टोक तीन रकाने, तारीख. ब्लीचवाल्या मुलीचं माप जानेवारीत पुन्हा. बोअरच्या पाण्यासाठी वहिनींना साबणाच्या फेसाची साधी चाचणी शिकवणे, दर वेळी ब्युरेट घेऊन मी येणार नाही.